चोराची मिनिटे आणि आपली मिनिटे: संग्रहालय, वाडा आणि घर यांतील मौल्यवान वस्तूंचे रक्षण

१९ ऑक्टोबर २०२५ च्या रविवारी सकाळी, पॅरिसचे लूव्र संग्रहालय प्रेक्षकांसाठी उघडून अर्धा तास होत असताना, चोरांनी सामान वर चढवण्याची यांत्रिक शिडी बसवलेला ट्रक इमारतीला लावला, पहिल्या मजल्यावरचा सज्जा गाठला, खिडकी कापून आत शिरत दोन काचपेट्या फोडल्या आणि फ्रान्सच्या राजघराण्यातील आठ दागिने घेऊन ते पसार झाले. या सगळ्याला आठ मिनिटेही लागली नाहीत. धोक्याची घंटा वाजली होती आणि पहारेकरीही होते. मात्र बाहेरचा कॅमेरा त्या सज्जाकडे रोखलेला नव्हता, हे संग्रहालयाच्या संचालिकेला पुढे फ्रान्सच्या सिनेटसमोर सांगावे लागले.

याच्या अगदी उलट गोष्ट बॉस्टनच्या इझाबेला स्ट्युअर्ट गार्डनर संग्रहालयाची आहे. १८ मार्च १९९० च्या पहाटे पोलिसांच्या गणवेशातील दोघांनी आत प्रवेश मिळवला, दोन्ही पहारेकऱ्यांना तळघरात बांधून ठेवले आणि तब्बल ८१ मिनिटे निवांतपणे फिरून १३ कलाकृती नेल्या. त्यांची दालनांमधली हालचाल संवेदकांनी टिपली होती, परंतु ती नोंद पाहून कोणी धावून येईल अशी व्यवस्थाच नव्हती. त्या कलाकृती आजतागायत सापडलेल्या नाहीत आणि तिथल्या भिंतींवर रिकाम्या चौकटी तशाच टांगलेल्या आहेत.

या दोन चोऱ्या शेजारी ठेवल्या म्हणजे सुरक्षेचे गणित स्पष्ट होते. चोर येत असल्याचे कळल्या क्षणापासून तो वस्तू घेऊन बाहेर पडेपर्यंत जितकी मिनिटे जातात, त्यापेक्षा मदत पोहोचायला लागणारी मिनिटे कमी असली पाहिजेत. यातला ‘कळल्या क्षणापासून’ हा भाग बहुतेक लोक विसरतात. कळण्याआधी चोराचा कितीही वेळ कुलूप तोडण्यात गेला तरी तो आपल्या खात्यात जमा होत नाही. म्हणून इशारा देणारी यंत्रणा शक्य तितकी बाहेर आणि अडथळे शक्य तितके आत, असा क्रम असावा. आपल्याकडे सर्रास उलटे दिसते: भक्कम दार बाहेर, कॅमेरा आतल्या हॉलमध्ये, आणि दागिने साध्या पत्र्याच्या कपाटात.

पहिले काम: यादी

कोणतेही कुलूप विकत घेण्याआधी आपल्याकडे नेमके काय आहे ते लिहून काढावे. हे काम कंटाळवाणे असल्यामुळे मागे पडते, आणि चोरीनंतर पोलीस ठाण्यात ‘चांदीची भांडी अंदाजे दोन किलो’ एवढेच सांगता येते. अशा वर्णनावरून कोणतीही वस्तू ओळखता येत नाही.

यादी किती मोलाची असते याचे उदाहरण तामिळनाडूतील श्रीपुरंदानचे आहे. तिथल्या चोळकालीन मंदिरातील नटराजाची कांस्यमूर्ती चोरीला गेली आणि २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने ती ५० लाख डॉलरहून अधिक किंमत मोजून विकत घेतली. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने पूर्वी मंदिरात घेतलेली छायाचित्रे संग्रही होती, म्हणून तीच ही मूर्ती हे दाखवून देता आले आणि २०१४ मध्ये ती भारतात परत आली. ते छायाचित्र नसते, तर ‘आमच्या देवळातला नटराज’ या गावकऱ्यांच्या शब्दाला आंतरराष्ट्रीय बाजारात कोणी विचारले नसते.

नोंद कशी करावी याचा ‘ऑब्जेक्ट आयडी’ नावाचा एक आंतरराष्ट्रीय नमुना १९९७ पासून वापरात आहे, आणि तो घरालाही तितकाच उपयोगी पडतो. वस्तूचा प्रकार, धातू किंवा साहित्य, मापे, वजन, त्यावरची अक्षरे किंवा शिक्के, विषय, अंदाजे काळ, कारागीर माहीत असल्यास त्याचे नाव आणि ओळखीच्या खास खुणा यांची नोंद करावी. यांपैकी खास खुणा सर्वांत महत्त्वाच्या. एकसारख्या शंभर समया असतात, पण आपल्या समईच्या तिसऱ्या पाकळीला डाग दिल्याची खूण असते. तांब्याच्या घंगाळाची चेपलेली कड, देवाच्या टाकावरची झिजलेली बाजू, पोथीच्या पानावरचा वाळवीचा माग, भांड्यावर कोरलेले आजीचे नाव यांचे जवळून छायाचित्र घ्यावे. प्रत्येक वस्तूची समोरून, मागून आणि खालून अशी किमान तीन छायाचित्रे असावीत, आणि शेजारी मोजपट्टी ठेवलेली असावी. सोन्याच्या दागिन्यांची पावती जपावी आणि हॉलमार्कसोबत येणारा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक यादीत लिहावा. यादीची एक प्रत घराबाहेर, विश्वासू नातेवाइकाकडे किंवा पासवर्ड असलेल्या ऑनलाइन जागेत ठेवावी. चोर कपाटासोबत यादीही घेऊन गेला, तर केलेले कष्ट वाया जातात.

जुन्या वाड्यांतील मंडळींसाठी एक कायदेशीर बाब सांगणे आवश्यक आहे. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुन्या वस्तू, तसेच ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मूल्य असलेली किमान पंचाहत्तर वर्षे जुनी हस्तलिखिते ‘पुरावशेष’ ठरतात. त्यांपैकी मूर्तिशिल्पे, चित्रे आणि सचित्र हस्तलिखिते यांसारख्या अधिसूचित प्रकारांची नोंदणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे करावी लागते. सरकार वस्तू ताब्यात घेईल या भीतीने अनेक जण नोंदणी टाळतात. नोंदणी केल्याने मालकी जात नाही. उलट चोरीनंतर मालकी आणि ओळख सिद्ध करणारा सरकारी कागद हाती राहतो.

संग्रहालयांनी याला आणखी एका वहीची जोड द्यावी, ती म्हणजे हालचाल नोंदवही. २१ ऑगस्ट १९११ रोजी, सोमवारच्या सुट्टीच्या दिवशी, मोनालिसा लूव्रच्या भिंतीवरून नाहीशी झाली. रिकामी जागा दिसूनही ‘छायाचित्र काढायला नेले असेल’ असे सर्वांनी गृहीत धरले आणि चोरी झाल्याचे दुसऱ्या दिवशी उमगले. म्हणून वस्तू जागेवरून हलवली की तिथे तारीख, कारण आणि सहीची चिठ्ठी लागलीच पाहिजे, आणि चिठ्ठीविना रिकामी जागा दिसली की तत्काळ चौकशी सुरू झाली पाहिजे. रोज उघडताना आणि बंद करताना यादी हातात घेऊन वस्तू मोजाव्यात. साप्ताहिक सुट्टीलाही हा नियम मोडू नये. रवींद्रनाथ ठाकुरांचे नोबेल पदक मार्च २००४ मध्ये शांतिनिकेतनच्या संग्रहालयातून गेले, ते साप्ताहिक सुट्टीनंतर दालन उघडल्यावर लक्षात आले. ते अजूनही मिळालेले नाही.

दुसरे काम: चोराच्या पावलांनी फेरी

एका संध्याकाळी घराबाहेर किंवा संग्रहालयाच्या आवाराबाहेर उभे राहून, आत जायचेच असे ठरवल्यास कुठून जाता येईल याचा विचार करत पूर्ण फेरी मारावी. मुख्य दारापासून सुरुवात करू नये, कारण त्याची काळजी सगळेच घेतात. पावसाळी पाण्याचे पाइप, शेजारच्या इमारतीची गच्ची, डक्टमध्ये उघडणारी बाथरूमची झडपेची खिडकी, ड्राय बाल्कनी, एसीचे बाहेरचे युनिट, भिंतीलगतचे झाड आणि माळ्यावरचा झरोका हे सर्व वहीत टिपावे. हैदराबादच्या निजाम संग्रहालयात सप्टेंबर २०१८ मध्ये चोर झरोक्यातून दोरीने आत उतरले आणि सोन्याचा रत्नजडित डबा, कपबशी व चमचा घेऊन गेले. सुदैवाने काही दिवसांतच वस्तू शाबूत मिळाल्या.

डागडुजीच्या काळात ही फेरी नव्याने मारावी. परांची म्हणजे चोरासाठी बांधून दिलेला जिना. व्हिएन्नाच्या कलेतिहास संग्रहालयातून मे २००३ मध्ये सोळाव्या शतकातील इटालियन शिल्पकार चेलिनीने घडवलेले सोन्याचे मीठपात्र गेले, तेव्हा चोर इमारतीला लावलेल्या परांचीवरूनच चढला होता. सोसायटीला रंग देण्याचे काम निघाले की पहिल्या दिवसापासून वरच्या मजल्यांच्या खिडक्याही आतून बंद ठेवाव्यात. ‘आम्ही सातव्या मजल्यावर राहतो’ हे म्हणणे तेवढे महिने खरे राहत नाही.

फेरीत आढळलेल्या प्रत्येक वाटेपुढे दोन आकडे लिहावेत: इथून शिरणारा माणूस कोणाच्या किंवा कशाच्या लक्षात कधी येईल, आणि तिथून वस्तूपर्यंत पोहोचायला त्याला किती मिनिटे लागतील. मग मदतीचा आकडा काढावा. सोसायटीचा रखवालदार आपल्या दारापर्यंत किती वेळात येतो, हे रात्री दोन वाजता एकदा बोलावून पाहावे (त्याला चहा पाजावा, हे ओघाने आलेच). हे तीन आकडे जिथे जुळत नाहीत, तिथे पैसा खर्च करायचा, इतरत्र नाही.

तिसरे काम: दार, खिडकी, काचपेटी

वर्तमानपत्रातील ‘कडी-कोयंडा उचकटून’ हे शब्द इतके सवयीचे झाले आहेत की त्यांतला धडा आपण वाचत नाही. कुलूप क्वचितच तुटते. तुटतो तो कोयंडा, कारण तो लाकडात अर्ध्या इंचाच्या स्क्रूने बसवलेला असतो आणि कटावणीच्या एका हिसक्याने निघतो. त्यामुळे महागडे कुलूप घेण्यापेक्षा कोयंडा, बिजागऱ्या आणि चौकटीवरची पट्टी तीन इंची स्क्रूने भिंतीपर्यंत पकडणे हा स्वस्त आणि अधिक परिणामकारक उपाय आहे. दाराच्या जाडीत बसणारे, आडवा दांडा चौकटीत घुसवणारे कुलूप निवडावे. दाराबाहेर लोंबणारे कुलूप दुबळे तर असतेच, शिवाय घरात कोणी नाही ही बातमी ते जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला देते. नुसत्या लॅचवर विसंबून भाजी आणायला जाऊ नये. लॅचची जीभ दाबून सरकवता येते, दांडा सरकवता येत नाही.

खिडकीच्या ग्रिलबाबत दोन गोष्टी. पहिली, ती भिंतीत गाडलेली असावी, बाहेरून स्क्रूने लावलेली नसावी. दुसरी अधिक महत्त्वाची: प्रत्येक घरात किमान एका ग्रिलला आतून उघडणारी झडप असावी आणि तिची किल्ली जवळच, पण बाहेरून हात न पोहोचेल अशी असावी. चोराला अडवणारा पिंजरा आगीत घरच्यांनाच कोंडून ठेवतो, आणि माझ्या मते या बाबतीत तडजोड करायची वेळ आली, तर ती चोरापासूनच्या संरक्षणात करावी, आगीपासूनच्या नव्हे.

गज बसवले म्हणजे काम संपले असेही नाही. ड्रेस्डेनच्या ‘ग्रीन व्हॉल्ट’ या रत्नसंग्रहावर २५ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे दरोडा पडला. चोरांनी खिडकीचे गज आधीच्या काही रात्रींत कापून पुन्हा चिकटवून ठेवले होते आणि ते कोणाच्याही नजरेत आले नाही. दर आठवड्याला प्रत्येक गज हाताने धरून हलवून पाहणे, एवढ्या साध्या शिस्तीने तो बेत उघडा पडला असता.

काचपेटीची काच निवडताना ‘टफन्ड’ हे नाव ऐकून समाधान मानू नये. ती काच सहज फुटत नाही, पण फुटली की एकदमच तुकडे-तुकडे होऊन खाली पडते आणि पेटी सताड उघडी होते. दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेली लॅमिनेटेड काच तडकते, पण जागेवर धरून राहते आणि हात जाईल एवढे भोक पाडायला पुन्हा पुन्हा घाव घालावे लागतात. आपल्याला हवी असतात ती नेमकी ही मिनिटे. पेटीचे कुलूप, बिजागऱ्या आणि तळ तितकेच मजबूत असावेत आणि पेटी जमिनीला बोल्टने पक्की केलेली असावी. छोट्या संग्रहालयांत काच उत्तम असते, पण मागची फळी प्लायवूडची असते. पेटीमागे जाऊन एकदा ठोकून पाहावे.

चौथे काम: इशारा आणि कॅमेरा

दाराखिडक्यांवर चुंबकीय संवेदक, काचपेटी आणि तिजोरीवर कंपन ओळखणारा संवेदक, आणि आतल्या वाटेवर माणसाच्या उष्णतेची हालचाल टिपणारा संवेदक, ही सर्वसाधारण मांडणी आहे. पहिल्या थरावर अधिक भर द्यावा. घंटा वाजण्याबरोबरच तिचा संदेश किमान तीन माणसांच्या फोनवर गेला पाहिजे, आणि त्यांतला एक जण तरी त्याच परिसरात राहणारा असावा. मुलगा अमेरिकेत आणि घंटा त्याच्याच मोबाइलवर, अशी व्यवस्था मी पाहिली आहे; त्याला चोरी थेट प्रक्षेपणासारखी दिसली असती, एवढाच तिचा उपयोग.

खोट्या इशाऱ्यांचा बंदोबस्त हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. व्हिएन्नात मीठपात्राची काच फुटली तेव्हा घंटा वाजली होती, पण पहारेकऱ्यांनी ती नेहमीसारखीच खोटी समजून बंद केली. चोर स्वतः धोक्याच्या घंटांच्या यंत्रणांचा जाणकार निघाला. पाल, मांजर, फडफडणारा पडदा किंवा सैल खिडकीमुळे घंटा वाजत असेल, तर कारण शोधून त्याच आठवड्यात ते दूर करावे. प्रत्येक घंटेनंतर कोणीतरी त्या जागेवर जाऊन डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती बंद करायची नाही, हा नियम लेखी असावा.

कॅमेरा चोर थांबवत नाही. तो पुरावा देतो. छताला लावलेल्या कॅमेऱ्यात टोपी आणि डोके दिसते, म्हणून बाहेर पडायच्या वाटेवर एक कॅमेरा चेहऱ्याच्या उंचीवर हवा. चित्रण साठवणारा डीव्हीआर टीव्हीखाली ठेवू नये, कारण जाणकार चोर तोच प्रथम उचलतो. तो कुलूपबंद ठेवावा आणि चित्रणाची एक प्रत बाहेर साठवली जाईल असे पाहावे. घड्याळ बरोबर लावावे. विजेला पर्याय ठेवावा, कारण ड्रेस्डेनमध्ये चोरांनी विजेच्या जोडणीपेटीला आग लावून रस्त्यावरचे दिवे आधी घालवले होते. आणि महिन्यातून एकदा मागच्या रात्रीचे चित्रण प्रत्यक्ष उघडून बघावे. कोळ्याच्या जाळ्याचे महिनोन् महिने चित्रण करणारे कॅमेरे थोडे नाहीत.

पाचवे काम: किल्ल्या आणि माणसे

गार्डनर संग्रहालयातील चोर पोलिसांच्या वेशात आले होते, आणि धोक्याचे एकमेव बटण ज्या टेबलाशी होते तिथून त्यांनी पहारेकऱ्याला अटक वॉरंट असल्याचे भासवून दूर केले. ‘पोलीस असल्याची बतावणी करून’ हे शब्द आपल्यालाही अनोळखी नाहीत. पुढे खून झाला आहे, दागिने काढून रुमालात ठेवा, असे सांगणारे भामटे आणि दागिन्यांना पॉलिश करून देतो म्हणत दारात येणारे दोघे, हे त्याच जातीचे. घरातील आजी-आजोबांना एकच वाक्य पाठ करून द्यावे: ‘साखळी न काढता दाराआडून ओळखपत्र पाहीन आणि ११२ वर फोन करून खात्री करीन.’ खरा पोलीस याने रागावत नाही. संग्रहालयात बंद वेळेत कोणालाही, गणवेश असला तरी, आधी ठाण्यात विचारल्याशिवाय आत घ्यायचे नाही, आणि धोक्याचे दुसरे बटण पहारेकऱ्याच्या कमरेला असले पाहिजे.

पेरुजा, ज्याने मोनालिसा नेली, तो पूर्वी लूव्रमध्ये चित्रांच्या संरक्षक काचेचे काम करून गेलेला कारागीर होता. यावरून प्रत्येक सुताराकडे संशयाने पाहण्याची गरज नाही. मात्र काम संपले की किल्ली, ओळखपत्र आणि सांकेतिक क्रमांक त्याच दिवशी रद्द झाले पाहिजेत. किल्ल्यांची नोंद ठेवावी, किल्ली हरवली की कुलूप बदलावे आणि चपलांच्या स्टँडमध्ये किंवा तुळशीच्या कुंडीखाली ती ठेवण्याची परंपरा थांबवावी. घरकामाला येणाऱ्या व्यक्तीची पोलीस पडताळणी करून घ्यावी, पण त्याहून अधिक उपयोगी गोष्ट म्हणजे दागिने कुठे असतात हे तिच्या नजरेस पडू न देणे. त्यामुळे तिच्यावरही विनाकारण आळ येत नाही. गावाला जाताना सहलीची छायाचित्रे परत आल्यावर टाकावीत, आणि दूध व वर्तमानपत्र बंद करण्याऐवजी शेजाऱ्यांना उचलून ठेवायला सांगावे.

सोन्याबद्दल वेगळे

चित्र चोरले तर ते विकावे लागते, त्यामुळे ते कधीतरी डोके वर काढते. सोने वितळले की त्याची ओळखच पुसली जाते. रायगड जिल्ह्यातील दिवेआगरला १९९७ मध्ये जमिनीत सापडलेला सुवर्ण गणेशाचा मुखवटा मार्च २०१२ मध्ये दरोडेखोरांनी नेला, त्यात दोन पहारेकऱ्यांचे प्राण गेले आणि मुखवटा वितळवला गेला. आरोपी पकडले गेले, सोनेही बरेच हस्तगत झाले आणि त्यापासून घडवलेला नवा मुखवटा २०२१ मध्ये बसवला गेला, पण मूळ घडण गेली ती गेलीच. देवस्थानांनी यातून दोन निर्णय घ्यावेत: मूळ दागिने रात्री बँकेच्या लॉकरमध्ये किंवा भिंतीत गाडलेल्या तिजोरीत असावेत आणि एरवी प्रतिकृती असावी, तसेच निःशस्त्र रखवालदाराला झुंज देण्याचे नव्हे, तर बटण दाबून दार आतून लावून घेण्याचे लेखी आदेश असावेत.

घरातील सोन्यासाठी लॉकर हीच बरी जागा, पण त्याच्या मर्यादा समजून घ्याव्यात. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट रकमेपुरती असते. भाडे ३,००० रुपये असेल तर कमाल ३ लाख. आत तीस लाखांचे दागिने असले तरी तेवढेच. उरलेल्यासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. लॉकर उघडला गेल्याचा संदेश बँकेने त्याच दिवशी पाठवायचा असतो, म्हणून बँकेकडील मोबाइल क्रमांक चालू ठेवावा.

विमा घेताना ‘घरफोडी’ आणि ‘चोरी’ यांतील फरक विचारून घ्यावा. अनेक पॉलिसींत दार-खिडकी जबरदस्तीने फोडल्याच्या खुणा असल्याशिवाय भरपाई मिळत नाही, आणि घर ठरावीक दिवसांहून अधिक काळ बंद असल्यास दागिन्यांचे संरक्षण संपते. घरात तिजोरी ठेवायचीच असेल, तर ती काँक्रीटला आतून बोल्ट केलेली हवी. सुटी छोटी तिजोरी म्हणजे चोरासाठी सर्व ऐवज एकत्र भरून ठेवलेली पेटी.

चोरी झालीच तर

आत जाऊ नये. चोर अजून आत असू शकतो. बाहेर येऊन ११२ ला कळवावे आणि पोलीस येईपर्यंत काहीही आवरू नये. विस्कटलेले कपाट पाहून हात आपोआप पुढे जातो, पण बोटांचे ठसे त्याच कपाटावर असतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते, आणि ऑनलाइन दिल्यास तीन दिवसांत सही करावी लागते. पंचनाम्यात यादी आणि छायाचित्रे जोडून घ्यावीत. पुढे मुद्देमाल सापडल्यावर न्यायालयातून तो आपलाच आहे असे सांगून परत मिळवायला हाच कागद लागतो. डीव्हीआरवर नवे चित्रण जुन्यावर चढण्याआधी प्रत काढून ठेवावी आणि शेजारच्या दुकानांच्या कॅमेऱ्यांबद्दल पोलिसांना लगेच सांगावे. विमा कंपनीलाही त्याच दिवशी लेखी कळवावे.

मूर्ती, चित्र किंवा हस्तलिखित गेले असेल, तर पुरातत्त्व विभागाला कळवून, सीबीआयमार्फत इंटरपोलच्या चोरीस गेलेल्या कलाकृतींच्या नोंदसंग्रहात ते नोंदवावे, अशी मागणी तपास अधिकाऱ्याकडे लेखी करावी. काही संस्था बदनामीच्या भीतीने चोरी लपवतात. वास्तविक छायाचित्र जितक्या लवकर व्यापारी आणि लिलाव करणाऱ्यांपर्यंत जाईल, तितके ती वस्तू विकणे अवघड होते. इंटरपोलच्या आयडी-आर्ट या मोफत ॲपवर कोणालाही हा नोंदसंग्रह तपासता येतो, आणि जुनी मूर्ती विकत घेण्याचा मोह झाल्यास, व्यवहारापूर्वी तो आपणही तपासावा.